रेमिंग्टन नायलॉन ६६ : लोखंड मिळेल, प्लास्टिक मिळणार नाही

जुनी बंदूक घेताना बहुतेकांचा क्रम ठरलेला असतो. आधी नळीत डोकावायचं, मग गंज शोधायचा, बोल्ट (गोळी आत ढकलणारा सरकता भाग) दोनदा मागेपुढे करायचा आणि शेवटी दस्त्यावर हात फिरवून भावाचं बोलायचं. रेमिंग्टन या अमेरिकी कंपनीची जुनी नायलॉन ६६ रायफल अमेरिकेत बघायला गेलात तर हा क्रम उलटा करा. इथे दस्ता आधी बघायचा आणि नळी शेवटी.

कारण या रायफलीत दस्ता हा नुसता दस्ता नाही. इतर अर्धस्वयंचलित रायफलींत पोलादाचं किंवा ॲल्युमिनियमचं एक अंग असतं, त्यात बोल्ट फिरतो आणि ते अंग लाकडी दस्त्यावर बसवलेलं असतं. नायलॉन ६६ मध्ये असं वेगळं अंगच नाही. बोल्ट थेट प्लास्टिकच्या खोबणीत मागेपुढे सरकतो. वरून जे काळंभोर पोलाद दिसतं ते पत्र्याचं झाकण आहे. डोळ्यांना बंदूक बंदुकीसारखी दिसावी म्हणून ते आहे आणि आतले दोन-चार भाग जागेवर धरायलाही. खरी रायफल त्याखालचं प्लास्टिक आहे. नळी, बोल्ट, स्प्रिंग, बोल्टची मूठ हे सगळं जुन्या सुट्या भागांच्या बाजारात मिळतं. तडकलेलं किंवा वाकलेलं प्लास्टिक मात्र नवीन मिळत नाही. त्यासाठी दुसरी आख्खी रायफल मोडावी लागते.

ही रायफल १९५९ मध्ये बाजारात आली. रेमिंग्टन तेव्हा ड्यूपाँ या रसायन कंपनीच्या ताब्यात होती आणि नायलॉन हा ड्यूपाँचाच शोध. स्वस्तात .२२ रायफल, म्हणजे ०.२२ इंच व्यासाच्या छोट्या गोळीची, करायची तर लाकडाची कोरीव मजुरी परवडत नाही, म्हणून रेमिंग्टनचे रचनाकार वेन लीक यांच्या चमूने मालक कंपनीकडेच साहित्य मागितलं. मिळालं ते झायटेल, म्हणजे नायलॉन ६६ जातीचं प्लास्टिक. (यातले दोन सहा म्हणजे ज्या दोन रसायनांपासून ते बनतं त्या प्रत्येकातले सहा-सहा कार्बन अणू. सहासष्ट साल किंवा सहासष्टावं मॉडेल असा अर्थ लावत बसू नका.) सुरुवातीची किंमत ४९.९५ डॉलर होती. प्लास्टिकची बंदूक म्हणून लोक नाकं मुरडत होते. त्याच वर्षी कंपनीचा नेमबाज टॉम फ्राय याने हवेत फेकलेल्या १,००,०१० लाकडी ठोकळ्यांपैकी १,००,००४ या रायफलीने टिपले, चुकले फक्त ६. त्यानंतर नाकं सरळ झाली. उत्पादन १९८० च्या दशकाच्या अखेरीस थांबलं तोवर दहा लाखांहून जास्त रायफली विकल्या गेल्या होत्या. म्हणून ही बंद पडलेली असली तरी दुर्मीळ नाही. घाई करायचं काहीच कारण नाही, आणि विकणारा 'आता कुठे मिळतेय' म्हणाला तर हसून पुढे जावं.

हातात घेतल्यावर पहिला जाणवतो तो हलकेपणा. वजन ४ पौंडांच्या आसपास, म्हणजे दोन किलोच्या आत. नळी १९ इंचांहून थोडी जास्त, एकूण लांबी साडेअडतीस इंच. गोळी .२२ लाँग रायफल, १४ गोळ्या दस्त्याच्या आतल्या नळकांड्यात. सेफ्टी दस्त्याच्या मानेवर, अंगठ्याखाली येते. डावखुऱ्यांनाही सारखीच सोयीची. चाप मात्र जड आणि थोडा घसरत येणारा आहे. त्याला हलकं करण्याच्या नादी लागू नये, का ते पुढे येईलच. अचूकता साधी: ५० यार्डांवर दीड-दोन इंचांत गोळ्या बसल्या तर रायफल ठीक आहे. डब्यावर, ससा-खारीवर किंवा रेंजवर रविवार घालवायला एवढं पुष्कळ झालं. कागदावर एकाच भोकात पाच गोळ्या हव्या असतील तर ही तुमची रायफल नव्हे.

हिची खरी खासियत म्हणजे तेल लागत नाही. नायलॉनवर पोलाद कोरडंच सरकतं. तेल घातलं की त्यात जळकी पावडर आणि .२२ च्या गोळ्यांवरचं मेण मिसळून काळा लगदा होतो, बोल्ट सुस्तावतो आणि गोळी अडकू लागते. अलास्कासारख्या भागात ही रायफल लोकप्रिय झाली ती याचमुळे: कडाक्याच्या थंडीत घट्ट व्हायला आत तेलच नाही. विकायला आलेल्या बऱ्याच 'बिघडलेल्या' नायलॉन ६६ फक्त तेलाने तुंबलेल्या असतात. मालकाने प्रेमाने दर वर्षी तेल सोडलेलं असतं. अशी रायफल स्वस्तात मिळाली तर सोन्याहून पिवळं.

घेताना काय बघायचं

सगळ्यात आधी रायफल रिकामी आहे याची स्वतः खात्री करा. आतलं नळकांडं पूर्ण बाहेर काढा, बोल्ट मागे ओढा, नळीच्या मागच्या टोकाशी, गोळी बसते त्या खोलीत बघा. विकणारा 'रिकामी आहे' म्हणाला तरीही. दस्त्यातल्या नळकांड्यात एखादी गोळी अडकून राहणं या प्रकारात नवीन नाही.

मग दस्त्याच्या मागून, डोळा झाकणाच्या रेषेत ठेवून पुढे बघा. नळी आणि पुढचा हातधरणीचा भाग एका रेषेत हवेत. प्लास्टिक एका बाजूला झुकलेलं दिसलं तर ती रायफल कधीतरी उन्हात, गाडीच्या मागच्या काचेपाशी, टेकवून ठेवलेली आहे. नळी या प्लास्टिकच्या आधारानेच बसते. हातधरणी वाकली की नळीवर एका बाजूने दाब येतो आणि नेम धरायची मागची खाच कितीही सरकवली तरी नेम एका बाजूला जातो. गरम पाण्याने, हेअर ड्रायरने सरळ करण्याचे उपाय सांगणारे भेटतील. काही वेळा थोडा फरक पडतो, पुष्कळदा परत वाकतं. वाकलेली रायफल पूर्ण किमतीला घेऊ नका, इतकंच.

दस्ता दोन अर्ध्या भागांत साच्यातून काढून मधोमध चिकटवलेला असतो. वरून आणि खालून त्या सांध्यावरून नख फिरवा. नख अडकलं तर सांधा उघडू लागला आहे. तडा शोधायचा तो झाकणाच्या स्क्रूंच्या आजूबाजूला, मुठीपाशी आणि चापाच्या कडीच्या पिना जिथून जातात तिथे. टॉर्च तिरपी धरा, सरळ उजेडात बारीक तडा दिसत नाही. एक गोष्ट फारशी कुणी सांगत नाही: नायलॉन हवेतला ओलावा शोषतं, आणि तो ओलावाच त्याला चिवट ठेवतो. मध्यम दमट हवेत ते वजनाच्या सुमारे अडीच टक्के पाणी धरतं. पूर्ण कोरडं पडलं तर कडक आणि ठिसूळ होतं. ॲरिझोना-नेवाडाच्या वाळवंटातून आलेल्या, किंवा वर्षानुवर्षं ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या डब्यांसोबत तिजोरीत कोंडलेल्या रायफलीला म्हणूनच जरा जास्त निरखा. लोखंडासाठी चांगलं ते इथे प्लास्टिकसाठी तितकंसं चांगलं नाही.

पांढरे चौकटीचे तुकडे, मुठीची टोपी, दस्त्यामागची पट्टी हे मूळचे आहेत का बघा. नसतील तर वापराला काही बिघडत नाही, किंमत तेवढी उतरते. झाकणावरचा निळा-काळा रंग मधोमध, हाताने उचलतो तिथे, उडालेला असतोच. त्याची काळजी नको. स्क्रूंच्या खाचा चेपलेल्या-फाटलेल्या असतील तर मात्र काळजी हवी. याचा अर्थ कुणीतरी चुकीच्या पेचकसाने आत हात घातला आहे, आणि आत हात घातलेल्या नायलॉन ६६ ची गोष्ट पुढे सांगायची आहे.

आता नळी. .२२ च्या नळ्या सहसा झिजत नाहीत, पण मागच्या टोकाला, जिथे काडतुसाची कड टेकते, तिथे बारीक खड्डा आहे का बघा. रिकामी रायफल चाप ओढून ओढून वाजवली की फायरिंग पिन त्या कडेवर आपटते आणि धातू आत ढकलला जातो. लक्षण असं: गोळी आत जाताना अडते किंवा सुटलेली पुंगळी बाहेर येत नाही. बंदूक दुरुस्त करणारा खास हत्याराने हा खड्डा परत बाहेर दाबून देतो, काम अर्ध्या तासाचं. भिंतीत स्क्रूसाठी ठोकतात त्या पिवळ्या प्लास्टिकच्या छोट्या गुट्ट्या .२२ च्या खोलीत बरोबर बसतात. सरावासाठी रिकामा चाप ओढायचाच असेल तर त्या वापरा.

नळकांड्याची आतली नळी सरळ आहे ना, तिची स्प्रिंग पूर्ण जोराने परत येते ना, आणि ती मागे नीट अडकून बसते ना हे बघा. चेपलेलं नळकांडं हे गोळी न येण्याचं सगळ्यात साधं कारण. बोल्टची मूठ हलवून पाहा. ती नुसती खोचून बसवलेली असते. ढिली झालेली मूठ एखाद दिवशी गवतात उडून जाते. नवी मिळते, पण गवतात शोधण्यापेक्षा आधी बदललेली बरी.

उघडायची कुठवर

साफसफाईसाठी रायफल किती उघडायची याला इथे स्पष्ट मर्यादा आहे. नळकांडं बाहेर. बोल्ट बंद असताना त्याची मूठ सरळ बाहेर ओढायची. अडली तर पेचकसाला कापड गुंडाळून हलकेच उचकटायची. मग झाकणाचे दोन स्क्रू काढायचे आणि झाकण सावकाश वर उचलायचं. सावकाश, कारण बाजूला बसलेला इजेक्टर (रिकामी पुंगळी बाहेर फेकणारा भाग) सुटून पडतो आणि तो कुठल्या बाजूने कसा होता हे नंतर आठवत नाही. मोबाइलवर फोटो काढून ठेवा. चापाच्या पुढे, खालच्या बाजूला नळी धरून ठेवणारा स्क्रू आहे. तो सोडवून तिथली धरणी काढली की नळी पुढे निघते आणि मग बोल्ट पुढूनच बाहेर येतो. त्याच्यामागे दाबलेल्या स्प्रिंग असतात, म्हणून हात धरूनच बाहेर येऊ द्यायचा.

बस. इथे थांबा.

चापाची कडी आणि आतला संच पिना ठोकून बाहेर काढू नका. त्यात काडतूस थांबवणारा, उचलणारा आणि पुढे लोटणारा असे छोटे भाग एकमेकांच्या आधाराने उभे असतात. ते बाहेर निघतात सहज, परत जातात ते मात्र बऱ्याच शिव्या खाऊन. शिवाय पिना प्लास्टिकमधून जातात. दोन-तीनदा काढल्या की भोकं सैल होतात, आणि सैल भोकाला उपाय नाही. चाप हलका करायला नको म्हटलं ते यासाठी. या भागात मळ साचलाच असेल तर पेट्रोलियमचा सॉल्व्हंट वरून सोडून, दाबाच्या हवेने उडवून, कोरडं होऊ द्यायचं. नायलॉनला अशा सॉल्व्हंटने काही होत नाही. त्याचे खरे शत्रू तीव्र आम्लं आणि फिनॉल, म्हणजे बाथरूम साफ करायच्या कपाटातल्या बाटल्या.

बोल्ट आणि खोबणी कोरड्या फडक्याने पुसा. नळीच्या आत तेलाचा एक बोळा फिरवून मग दोन कोरडे. बाहेरच्या लोखंडावर तेलाचा पुसट हात. बाकी कुठेही तेल नाही.

जोडताना नळीचा स्क्रू घट्ट करायचा मोह आवरा. पोलादात पोलाद कसलं की ते थांबतं. इथे तुम्ही प्लास्टिक दाबत आहात. बसला की थांबायचं. झाकणही सारखं बसलं पाहिजे. ते तिरकं राहिलं तर गोळीची वाट बिघडते आणि गोळी नळीच्या कडेला नाक आपटून वाकते. दुरुस्तीनंतर अचानक गोळ्या अडकू लागल्या तर आधी झाकण परत बसवून बघा, नवे भाग मागवायच्या आधी.

दुर्बीण लावण्याबद्दल. झाकणावर दुर्बिणीसाठी खाचा आहेत, पण झाकण पत्र्याचं आणि नळीला जोडलेलं नाही. झाकण हललं की दुर्बीण हलते, नळी हलत नाही. दर साफसफाईनंतर नेम नव्याने साधावा लागतो. हलकी, छोटी दुर्बीण चालेल. मोठी लावून हिला अचूक बनवू म्हणणाऱ्यांनी तो पैसा दुसरीकडे वळवावा.

गोळ्या ४० ग्रेन वजनाच्या, हाय व्हेलॉसिटी (जास्त वेगाच्या) घ्या, तांब्याचा मुलामा असलेल्या. कमी आवाज करणाऱ्या सबसॉनिक (ध्वनीपेक्षा कमी वेगाच्या) गोळ्यांनी बोल्ट पुरता मागे जाईलच असं नाही. .२२ शॉर्ट गोळ्या साध्या मॉडेलसाठी नाहीत. त्या गॅलरी स्पेशल या वेगळ्या, जत्रेतल्या नेमबाजीच्या दुकानांसाठी काढलेल्या मॉडेलच्या.

कुठली घ्यावी, कुठे शोधावी

तपकिरी मोहॉक ब्राऊन सगळ्यात जास्त विकली गेली, तीच घ्या. काम करणाऱ्या, न वाकलेल्या, न तडकलेल्या तपकिरीला ३०० ते ४५० डॉलर वाजवी. काळा दस्ता आणि चकचकीत क्रोमची अपाची ब्लॅक थोडी महाग असते. तिच्यावरचा क्रोम सोलायला लागला असेल तर तो पुन्हा चढवण्याचा खर्च रायफलीच्या किमतीला भिडतो. हिरवी सेनेका ग्रीन १९६० च्या दशकाच्या सुरुवातीलाच बंद झाली, ती संग्राहकांची. काही तपकिरी रायफली उन्हाने हिरवट पिवळ्या पडतात आणि सेनेका म्हणून विकल्या जातात. झाकण उचलून आतला, उजेड न लागलेला रंग बघितला की खरं कळतं. मोहॉक १०-सी ला नळकांड्याऐवजी सुटणारं मॅगझिन असतं. ते सोयीचं आहे, पण मॅगझिन हरवलं की शोधणं आलं. ब्राझीलच्या सीबीसी कंपनीनेही हाच नमुना बनवला. स्वस्तात मिळाली तर वापरायला हरकत नाही, रेमिंग्टनच्या भावाने मात्र घेऊ नका.

नळीच्या डाव्या बाजूला दोन अक्षरांचा शिक्का असतो. पहिलं अक्षर महिन्याचं, आणि ते 'ब्लॅकपावडरएक्स' या इंग्रजी शब्दाच्या बारा अक्षरांवरून मोजतात: बी म्हणजे जानेवारी, एल फेब्रुवारी, शेवटचा एक्स डिसेंबर. दुसरं अक्षर वर्षाचं. वर्षांची अक्षरं कंपनीने फिरून परत वापरली आहेत, तेव्हा तक्ता बघताना चक्र चुकू देऊ नका. हा नुसता छंद नाही. ५० वर्षांहून जुनी, मूळ स्थितीतली रायफल अमेरिकी कायद्यात 'क्युरिओ अँड रेलिक', म्हणजे संग्राह्य जुनी बंदूक, ठरते, आणि ३० डॉलरमध्ये ३ वर्षांसाठी मिळणारा संग्राहक परवाना असेल तर ती दुसऱ्या राज्यातून थेट घरी मागवता येते. परवाना नसेल तर रायफल आधी तुमच्या राज्यातल्या परवानाधारक दुकानात येते, तिथे खरेदीदाराच्या माहितीचा फॉर्म ४४७३ भरायचा, तपासणी व्हायची, आणि दुकानदार त्याची वेगळी फी घेणार. ऑनलाइन लिलावात बोली लावताना ही फी आणि पाठवणी मिळून किंमत धरा, नाहीतर स्वस्त रायफल महाग पडते. गनब्रोकर या लिलावाच्या साइटवर कधीही बघा, डझनावारी दिसतील; पण तिथे नख फिरवून सांधा बघता येत नाही. विक्रेत्याकडे वरून, खालून आणि मागून रेषेत घेतलेले फोटो मागा. देत नसेल तर सोडा. गावातली पॉन शॉप (गहाणवटीची दुकानं) आणि गन शो (बंदुकांचे बाजार) बरे पडतात, रायफल हातात येते.

१९६८ च्या गन कंट्रोल ॲक्टच्या आधी .२२ रायफलींवर अनुक्रमांक सक्तीचा नव्हता. त्यामुळे सुरुवातीच्या नायलॉन ६६ वर क्रमांक नसणं स्वाभाविक आहे. क्रमांक होता आणि घासलेला आहे असं दिसलं तर मात्र हातही लावू नका, तो गुन्हा आहे.

सुट्या भागांसाठी न्यूयॉर्क राज्यातलं न्यूमरिच हे जुनं नाव. कंपनीकडून काही येण्याची आशा नको: रेमिंग्टन २०१८ आणि २०२० मध्ये दोनदा दिवाळखोरीत गेली आणि इलियन गावातला तिचा जुना कारखाना २०२४ मध्ये बंद झाला.

अमेरिकेतल्या मराठी मंडळींसाठी एक गोष्ट ठळक. एच-१बी, एच-४, एल-१ किंवा एफ-१ व्हिसावर असलेल्या माणसाने बंदूक किंवा गोळी नुसती जवळ बाळगणंही केंद्रीय कायद्याने गुन्हा आहे, विकत घेणं दूरच. नेहमी लागू पडणारा अपवाद म्हणजे एखाद्या राज्याचा चालू शिकारीचा परवाना. तो बहुतेक राज्यांत शिकारीचा छोटा अभ्यासक्रम करून मिळतो, आणि त्याची मुदत संपली की सूटही संपली. मित्राची रायफल रेंजवर हातात घेतली तरी नियम तोच. ग्रीन कार्डवाल्यांना ही अट नाही. गांजा ओढणाऱ्याला केंद्राची मनाई आहे, राज्यात गांजा कायदेशीर असला तरी. न्यू जर्सीत रायफल घ्यायला आधी खरेदीदाराचं ओळखपत्र काढावं लागतं, ते पोलिसांकडून येतं आणि वेळ घेतं. न्यू जर्सीतल्या एडिसनला राहून पेनसिल्व्हेनियाच्या गन शोमध्ये मनात भरलेली रायफल म्हणून त्या दिवशी घरी येत नाही.

फक्त एकच .२२ घ्यायची असेल तर रुगर १०/२२ घ्या: १९६४ पासून आजही बनते आहे, सगळे भाग मिळतात, उघडायला सोपी. नायलॉन ६६ ही दुसरी रायफल. पावसात, चिखलात, होडीत टाकून न्यायची, घरी आल्यावर पुसून ठेवायची. ठेवताना आडवी ठेवा किंवा दस्त्यावर सरळ उभी, हातधरणीवर भार देऊन टेकवू नका. आणि रेंजची पिशवी विमान प्रवासाला वापरू नका. .२२ ची गोळी बोटाच्या पेराएवढी, अस्तराच्या शिवणीत कुठेही लपते, आणि मुंबईच्या विमानतळावर ती एक्स-रे यंत्रात दिसली की आर्म्स ॲक्टखाली नोंद होते, तुमची अमेरिकेतली पावती कितीही खरी असली तरी.